डीप हाउस संगीत
डीप हाउस हा हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा उपप्रकार आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील शिकागो शहरात तो उदयास आला. लॅरी हर्ड हे त्याचे एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात. 'हाउस' हे नाव तेथील 'वेअरहाउस' या नृत्यक्लबवरून पडले, असे सर्वसाधारणपणे समजले जाते.

या संगीताची लय मध्यम, मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांची असते. घुमणारा खर्ज आणि जॅझ व सोल संगीताच्या वळणाचे स्वरमेळ ही त्याची वैशिष्ट्ये होत. डीजे एक ध्वनिमुद्रण दुसऱ्यात लय जुळवून मिसळतो. त्यामुळे संगीत न थांबता कित्येक तास चालते व रात्र हळूहळू रंगत जाते.

मुंबईसमोरील रायगड किनाऱ्यावर, विशेषतः मांडवा-अलिबाग परिसरात, शहरातील पर्यटक मोठ्या संख्येने येतात. मात्र ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक लावता येत नाहीत; बंदिस्त सभागृहांना सवलत आहे. निवासी क्षेत्रात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. खर्जाचे ध्वनी भिंतींनी सहजासहजी अडत नाहीत. त्यामुळे नर्तकांना आवडणारी ही घुमारेदार लयच शेजारच्या वस्तीची झोपमोड करू शकते.