जंतुदोष आणि मूत्रपिंड : संशोधनाने दिलेला इशारा

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंशी झुंजताना शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच कधीकधी बेताल होते आणि अवयवांना इजा पोहोचवू लागते. या गंभीर अवस्थेस सेप्सिस, म्हणजे जंतुदोष, असे म्हणतात. चिघळलेली जखम, न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा किंवा प्रसूतीनंतरचा संसर्ग, यांपैकी कशातूनही तो उद्भवतो. २०१७ या एका वर्षात जगातील सुमारे ४ कोटी ८९ लक्ष लोकांना जंतुदोष झाला आणि १ कोटी १० लक्ष मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

जंतुदोषाचा आघात ज्या अवयवांवर लवकर होतो, त्यांत मूत्रपिंडे प्रमुख होत. २३ देशांतील ५४ रुग्णालयांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. अतिदक्षता विभागातील ज्या रुग्णांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी झाली होती, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत जंतुदोषामुळे आलेला आघात हे एक कारण असल्याचे तीत आढळले.

जुनी समजूत आणि नवा पुरावा

जंतुदोषात रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडते आणि त्यांतील पेशी मरतात, अशी दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉ. रिनाल्डो बेलोमो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांनी या समजुतीला धक्का दिला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, जंतुदोष झालेल्या मेंढ्यांच्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी न होता उलट वाढला होता. तरीही मूत्रपिंडांचे काम मंदावले होते. जंतुदोषाने दगावलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांची तपासणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतही बहुतांश पेशी मृत झालेल्या नव्हत्या.

मग बिघाड होतो कोठे? कालव्याला पाणी भरपूर असावे, परंतु पाटचाऱ्यांतून ते टोकाच्या शेतापर्यंत पोहोचू नये, तसाच हा प्रकार आहे. सूक्ष्म केशवाहिन्यांतील वाटप बिघडते आणि मूत्रपिंडाच्या आतील भागास प्राणवायू कमी पडतो. त्यात दाहकारक द्रव्यांचा मारा होतो व मूत्रनलिकांच्या पेशी आपले काम आवरते घेतात. पेशी मेलेल्या नसतात. म्हणूनच वेळीच उपचार झाल्यास मूत्रपिंड पुन्हा काम करू लागण्याची आशा असते.

सहा तासांचे महत्त्व

रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत इजा होऊन काही काळ लोटलेला असतो. लघवीचे प्रमाण मात्र घरातही लक्षात येते. शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास होणे, हा २०१२ साली ठरविण्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांपैकी एक आहे. ६० किलो वजनाच्या प्रौढ माणसास दोन प्रहरांत १८० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक पेलाभरही लघवी न होणे, हा धोक्याचा इशारा समजावा.

मूत्रपिंडांची ही इजा थांबविणारे सिद्ध झालेले खास औषध आजही उपलब्ध नाही. जंतुसंसर्गावर योग्य प्रतिजैविके त्वरित देणे, रक्तदाब सांभाळणे आणि शिरेवाटे द्रव मोजून देणे, हाच उपचार होय. कोणताही द्रव चालतो असेही नाही. स्टार्चयुक्त द्रव दिलेल्या रुग्णांत डायलिसिसची गरज व मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे २०१२ साली स्कँडिनेव्हियातील चाचणीत आढळून आले.

आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस व हिवताप यांच्या गंभीर स्वरूपातही मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून तापाबरोबर धाप, भ्रम, हातपाय गार पडणे किंवा लघवी घटणे यांपैकी काही दिसल्यास घरगुती इलाजांत व मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांत वेळ दवडू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे व लघवी शेवटची केव्हा झाली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी एवढी एक गोष्ट गावातील घराघरांत पोहोचविली, तर प्रयोगशाळेतील संशोधनाचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल.