जुन्या ट्रकची चाचणी फेरी

जुन्या ट्रकची चाचणी फेरी म्हणजे वापरलेली मालवाहू मोटार विकत घेण्यापूर्वी ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून तिच्या यंत्रभागांची स्थिती पारखणे होय. यवतमाळ जिल्ह्यात वणी परिसरातील कोळसा खाणी आणि सर्वत्र होणारी कापसाची वाहतूक यांमुळे ट्रकांचा वापर मोठा आहे. येथे नोंदलेल्या वाहनांचा क्रमांक एमएच २९ ने सुरू होतो.

एकाच वर्षी बनलेल्या दोन ट्रकांची झीज सारखी नसते. खाणीच्या कच्च्या रस्त्यावर कोळसा वाहिलेला टिपर आणि डांबरी महामार्गावर रुईच्या गाठी वाहिलेला ट्रक यांतील अंतर किलोमीटरचा आकडा सांगत नाही. ते चालवूनच कळते.

== फेरीपूर्वी ==

विमा व योग्यता प्रमाणपत्र चालू असल्याची खात्री करावी. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत योग्यता प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. चालकाकडे अवजड वाहनाचा परवाना हवा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर ते आदरातिथ्य समजू नये. थंड इंजिनाचे दोष तापल्यावर झाकले जातात. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे दाखवतो, तर इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर पाणी आत शिरत असल्याची शंका उत्पन्न करतो. चासीवर एखाद्याच जागी ताजा रंग दिसल्यास त्याखाली वेल्डिंगचा जोड आहे का, हे तपासावे.

== भार आणि चढ ==

बहुतेक विक्रेते रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर फिरवून दाखवतात. या फेरीचा उपयोग फार थोडा. रिकाम्या दहाचाकी ट्रकचे वजन भरलेल्या ट्रकच्या सुमारे एक तृतीयांश असते. इतक्या कमी वजनावर क्षीण ब्रेकसुद्धा चांगले वाटतात. म्हणून शक्य तेथे मर्यादेतील माल भरून फेरी घ्यावी. वणीकडील वर्धा नदीचे खोरे सखल, तर यवतमाळ शहर पठारावर आहे. त्यामुळे या बाजूच्या रस्त्यांवर चढ-उतार सहज मिळतात.

चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढताच गिअर निसटल्यास गिअरबॉक्स उघडावा लागेल. ब्रेकची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, आधी मंद वेगात घ्यावी; ट्रक एका बाजूस ओढू लागला, तर चाकांवरील पकड असमान आहे. हवेचा दाब पूर्ण भरल्यावर ट्रक सपाटीवर उटी लावून उभा करावा, इंजिन बंद करून काट्याकडे लक्ष ठेवावे. काटा भराभर उतरत असल्यास हवा कोठेतरी गळते आहे. अशा ट्रकची फेरी तेथेच थांबवावी.

एखाद्या जाणत्या मिस्त्रीला मागच्या वाहनात बसवणे फायद्याचे असते. ट्रक तिरपा चालतो का, हे मागूनच नीट दिसते. तसे आढळल्यास पाटे सरकलेले किंवा चासी वाकलेली असू शकते.

== फेरीनंतर ==

उभ्या ट्रकखाली ऑइल किंवा पाणी ठिबकते का, हे पाहावे. व्यवहार ठरल्यास नमुना २९ व ३० भरून मालकी हस्तांतर करावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्यास १४ दिवस, तर खरेदीदारास ३० दिवस मुदत आहे. नोंदणीत ज्याचे नाव राहते, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे.