व्हरमाँट : जाहिरात फलकांऐवजी दिशादर्शक

अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९६८ मध्ये कायदा करून रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर बंदी घातली. आमदार टेड रील यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. आधीपासून उभे असलेले फलक टप्प्याटप्प्याने हटवण्यात आले.

पर्याय : आडवाटेवरच्या खानावळी, निवासस्थाने किंवा शेतमालाच्या दुकानांपर्यंत प्रवाशाला पोहोचता यावे, म्हणून राज्याने अधिकृत दिशादर्शक फलकांची सोय केली. त्यावर व्यवसायाचे नाव, बाण आणि अंतर एवढाच मजकूर असतो. आकार, रंग व अक्षरे ठरवून दिलेली असल्याने मोठ्या साखळी हॉटेलला आणि घरगुती खानावळीला सारखीच जागा मिळते.

परवाना : व्यावसायिकाला अर्ज करून शुल्क भरावे लागते. द्रुतगती मार्गांवर हे फलक लावता येत नाहीत. तेथे प्रवाशांसाठी माहिती केंद्रे आहेत.

स्वतःच्या जागेवरील पाटी : दुकानाच्या आवारात पाटी लावण्याची मुभा आहे. मात्र तिचा आकार आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर यांवर मर्यादा आहे.

इतर राज्ये : हवाई, मेन आणि अलास्का या राज्यांतही जाहिरात फलकांना बंदी आहे. मेनमध्येही अधिकृत दिशादर्शकांची पद्धत आहे.

फायदा : डोंगर, कुरणे आणि शरदातील रंगीत झाडी पाहायला येणारे पर्यटक हा व्हरमाँटच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. या नियमांमुळे ते निसर्गदृश्यही टिकते आणि छोट्या व्यावसायिकाची वाटही ग्राहकाला सापडते.