लेकीचा वाढदिवस घरच्या घरी

लेकराचा वाढदिवस म्हटला की हल्ली पहिला विचार खर्चाचा येतो. मंडप, केक, फुगे, आचारी, ध्वनिक्षेपक! शेजाऱ्याने केले म्हणून आपणही करायचे. हात आखडला तर उसनवारी करायची. दिवस एक आणि फेड वर्षभर!

वाढदिवस कशासाठी करायचा? घरातल्या सगळ्यांनी मिळून लेकराला सांगायचे, “तू आम्हाला हवीस.” एवढे सांगायला कर्ज लागत नाही.

नकुशी

पण पोरीचा वाढदिवस म्हटला की कोणी म्हणते, “पोरीचा कशाला गं वाढदिवस? ती काय, परक्याचं धन.” हे बोलणे पोरीच्या कानावर पडते आणि मनात राहते.

आपल्या सातारा जिल्ह्यातलीच गोष्ट पाहा. एकीच्या पाठीवर दुसरी, तिसरी मुलगी झाली, की काही घरांत तिचे नाव ‘नकुशी’ ठेवीत. नकुशी म्हणजे नको असलेली. असे नाव ठेवले म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी समजूत होती. ही समजूत खोटी आहे. मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावरून ठरते. त्यात आईचा दोष नाही आणि आधीच्या मुलीच्या नावाचाही काही संबंध नाही.

सन २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्हा परिषदेने एक समारंभ केला. अशा २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. नव्या नावाचा दाखला प्रत्येकीच्या हातात दिला. विचार करा, शाळेत हजेरीच्या वेळी रोज ‘नको असलेली’ अशी हाक ऐकायची, आणि ‘हजर’ म्हणायचे! त्या मुलींना ती हाक किती बोचली असेल?

साताऱ्याच्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी एक मुलगी जन्मली. ती म्हणजे सावित्रीबाई फुले. आज सारा महाराष्ट्र तो दिवस ‘बालिका दिन’ म्हणून पाळतो. कोणत्या घरची लेक पुढे काय होईल, हे कोणी सांगावे?

आधी तारीख

वाढदिवस करायचा तर तारीख माहीत हवी. पूर्वी खेड्यात जन्मतारीख लिहून ठेवण्याची रीत नव्हती. “मोठा पूर आला होता, त्या साली,” एवढेच सांगत. मग शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख लिहीत. म्हणून गावातल्या कितीतरी थोर माणसांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी येतो!

काही घरांत तिथीने वाढदिवस करतात. त्यात वावगे काही नाही. पण चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून तिथी दर वर्षी तारखेच्या साधारण ११ दिवस मागे सरकते, आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. शाळा आणि सरकार मात्र तारीखच विचारते.

तेव्हा मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. दवाखान्यात जन्मले तर दवाखाना नोंद कळवतो, घरी जन्मले तर ग्रामपंचायतीत कळवावे. मुदतीत नोंद केली की दाखल्याची पहिली प्रत फुकट मिळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत नाव घालायला हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागतो. दाखला हातात आला की नाव आणि तारीख स्वतः वाचून पाहा. अक्षर चुकले असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

घरचे जेवण

आता स्वयंपाकाचे. आजी-आजोबा, चुलते, आत्या, मामा-मामी, त्यांची मुले, असे २५ माणसांचे पान धरू.

खपली गहू १ किलो, गूळ १ किलो, दूध २ लिटर, नारळ २. याची खीर होते. चपातीला कणीक अडीच किलो. उसळीला मटकी सव्वा किलो. मसालेभाताला तांदूळ २ किलो. जोडीला कांदा-काकडीची कोशिंबीर. आपल्याकडे कृष्णाकाठी खपली पिकतो, सांगलीची हळद घरात असते, तासगावचे बेदाणे मिळतात. बाहेरून फारसे आणावे लागत नाही.

मटकी दोन दिवस आधी भिजत घाला, म्हणजे मोड चांगले येतात. सडलेली खपली आदल्या रात्री भिजवा. सकाळी गहू मऊ शिजवा, थोडा घोटा, आणि मगच गूळ घाला. गूळ आधी घातला तर दाणा निबर राहतो. गूळ विरघळला की खोबरे, सुंठ, वेलदोडा घाला. उकळत्या गुळाच्या खिरीत दूध ओतू नका, ते फाटते. दूध वेगळे तापवून ठेवा आणि वाढताना वरून घाला.

चार गोष्टी ध्यानात ठेवा. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात ताक, चिंच, लिंबाचे पदार्थ ठेवू नका. शिजलेले अन्न झाकून ठेवा आणि दोन तासांच्या आत पंगत बसवा. उरलेली उसळ किंवा खीर दुसऱ्या दिवशी आंबूस लागली तर टाकून द्या. “वाया जाईल” म्हणून लेकरांना देऊ नका, दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा! लहानग्यांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, ते घशात अडकतात. कूट करून द्या.

सगळ्यांनी हात लावावा

पंचवीस माणसांचा स्वयंपाक एका बाईने करायचा, आणि सर्वांत शेवटी, गार झालेले तिनेच खायचे, ही रीत बरी नाही. आत्याने चपात्या लाटाव्यात, मामाने नारळ खोवावेत, चुलत्याने पाणी भरावे आणि वाढावे. पहिली पंगत मुलांची. दुसऱ्या पंगतीत चुलीपाशी राबलेल्या बायांना बसवा आणि पुरुषांनी वाढा.

जेवणाआधी औक्षण करा. ताम्हनात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी. सोन्याची अंगठी नसेल तर नुसती सुपारी चालते. घरात विधवा आजी किंवा आत्या असेल तर तिलाही ओवाळू द्या. तिची माया काही कमी झालेली नसते. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गाव ठराव करू शकते, तर घर का नाही?

आहेर-मानपानाचा घोळ घालू नका. पाहुण्यांना आधीच सांगा, “काही आणू नका, सहकुटुंब या.” कोणाला द्यायचेच असेल तर वही, पेन्सिल, गोष्टीचे पुस्तक द्यावे. केक हवा असे पोर म्हणाले तर लहानसा आणा, त्यात गैर नाही. पण त्यासाठी उधारी नको.

आणि मुलाचा वाढदिवस जसा केला, तसाच मुलीचा करा. त्याला खीर आणि तिला नुसता नमस्कार, असे नको.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. नव्या वर्षाची दिनदर्शिका घरी आली की तुमच्या लेकीच्या जन्माच्या तारखेवर तुमच्या हाताने तिचे नाव लिहा. आईने लिहिले तर फारच उत्तम. भिंतीवरचे ते नाव ती रोज वाचेल.