दोनशे एकरांचा मोबदला

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे वडील पीटर (१७०८–१७५७) हे ब्रिटिश अमलातील व्हर्जिनियात जमीनदार, भूमापक आणि न्यायदंडाधिकारी होते. १७३६ साली त्यांनी मित्र विल्यम रँडॉल्फकडून २०० एकर जमीन घेतली. खतात मोबदला काय लिहिला? विल्यम्सबर्गच्या वेदरबर्न यांच्याकडील ‘पंच’ या मद्याचे सर्वांत मोठे भांडे! मोबदला हवा, तो पुरेसाच हवा असे नाही, हा आमच्या वाणिज्य कायद्यातला नियम इतका चवदार असेल असे वाटले नव्हते.

१७३९ साली विल्यमचीच चुलतबहीण जेन ही त्यांची पत्नी झाली. दहा अपत्ये झाली. पीटर वारले तेव्हा थॉमस चौदा वर्षांचा होता. मालमत्तेच्या यादीत साठाहून अधिक गुलाम माणसे होती, प्रत्येकाच्या नावापुढे किंमत. मृत्युपत्राप्रमाणे जमिनीसारखी तीही मुलामुलींत वाटली गेली.