मराठी शोधनिबंधातील बीजशब्द : निवड, स्थान आणि विवेक

सारांश : मराठीतील शोधनिबंध आज आंतरजालावर मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होत आहेत, तथापि ते शोधयंत्राद्वारे वाचकाला सापडतातच असे नाही. बीजशब्दांची निवड, निबंधातील त्यांचे स्थान, मराठीच्या विभक्तिरूपांमुळे व लेखनभेदांमुळे येणाऱ्या अडचणी आणि बीजशब्दांच्या अतिवापराचे धोके यांचा विचार प्रस्तुत लेखात पानशेत धरणफुटीच्या उदाहरणाच्या आधारे केला आहे.

बीजशब्द : बीजशब्द, शोधयंत्र, मराठी शोधनिबंध, सामान्यरूप, युनिकोड

प्रस्तावना

विषयाकडून ग्रंथाकडे जाणारी वाट आखून देणे हे परंपरेने सूचिकाराचे कार्य होय. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून अभ्यासकांची फार मोठी सोय केली. डॉ. एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकाने लिहावे आणि जाणकार सूचिकाराने ते योग्य विषयाखाली नोंदवावे, अशी ही श्रमविभागणी होती. आंतरजालाच्या युगात या सूचिकाराची जागा शोधयंत्राने घेतली आहे. यंत्राला ग्रंथपालाप्रमाणे लेखकाचा हेतू ताडता येतोच असे नाही. त्यामुळे सूचिकाराच्या कामाचा काही भाग आता स्वतः लेखकावर येऊन पडला आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. प्राध्यापकाने परिश्रमपूर्वक लिहिलेला निबंध सापडला नाही, तर विद्यार्थी जे प्रथम सापडेल त्यावर विसंबतो; मग ते निनावी असो वा उसने घेतलेले. न सापडणारे संशोधन वाचकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

शोधयंत्राची कार्यपद्धती

ग्रंथाच्या शेवटी असलेली शब्दसूची सर्वांच्या परिचयाची आहे. शोधयंत्रही मूलतः तशीच, परंतु अतिविशाल सूची तयार करते. कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर व कोणत्या ठिकाणी आला आहे, याची नोंद त्यात असते. मात्र सर्व शब्दांचे मोल सारखे नसते. ब्रिटिश संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले, की जो शब्द असंख्य लेखांत आढळतो, तो एखादा विशिष्ट लेख निवडण्यास फारसा उपयोगी पडत नाही. मोजक्या लेखांत येणारा शब्दच खरा भेदक ठरतो. या तत्त्वानुसार ‘अभ्यास’, ‘समाज’, ‘महत्त्व’, ‘विकास’ हे आपल्या निबंधांत सर्रास दिले जाणारे बीजशब्द जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

एक उदाहरण

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि मुठा नदीकाठचे पुणे शहर जलमय झाले. पुढे पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. समजा, या पुनर्वसनावर एखाद्या प्राध्यापकाने निबंध लिहिला आणि त्याला ‘एका प्रलयाची कहाणी’ असे शीर्षक दिले. शीर्षक वाङ्मयीन दृष्टीने आकर्षक आहे. परंतु त्यात स्थळ नाही, काळ नाही आणि विषयही नाही. याउलट ‘पानशेत धरणफुटी (१९६१) आणि पुणे शहरातील पूरग्रस्तांचे पुनर्वसन’ हे शीर्षक साधे असूनही वाचकाला व यंत्राला एकाच वेळी सर्व काही सांगते. वाङ्मयीन शीर्षकाचा मोह आवरत नसेल, तर ते ठेवून विषयदर्शक उपशीर्षक जोडावे.

या निबंधासाठी ‘पानशेत धरणफुटी’, ‘खडकवासला धरण’, ‘पूरग्रस्त पुनर्वसन’, ‘मुठा नदी’ आणि ‘गोखलेनगर’ हे बीजशब्द योग्य ठरतील. पानशेतच्या जलाशयाला ‘तानाजीसागर’ असेही नाव असल्याने त्याचा एकदा उल्लेख करणे उचित होय. परंतु निबंधात सहकारनगराविषयी केवळ एकच वाक्य असेल, तर ‘सहकारनगर’ हा बीजशब्द देऊ नये. बीजशब्द हे वाचकाला दिलेले वचन असते. ते निबंधाने पाळले पाहिजे.

मराठीच्या विशेष अडचणी

बीजशब्दांविषयीचे बहुतेक मार्गदर्शन इंग्रजीला समोर ठेवून लिहिलेले असते. मराठीत त्यापलीकडे तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

पहिली गोष्ट सामान्यरूपाची. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात आणि मूळ शब्दाचे रूपही बदलते. ‘पूर’ या शब्दाची ‘पुरात’, ‘पुरामुळे’ अशी रूपे होतात. त्यांत दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. ‘पुणे’ हे ‘पुण्यात’ होते, ‘मुठा’ हे ‘मुठेला’ होते. अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधप्रणालीला ‘पूर’ आणि ‘पुरामुळे’ हे दोन भिन्न शब्द वाटतात. अलीकडच्या काळात मोठी शोधयंत्रे शब्दांचे परस्परसंबंध व अर्थ काही प्रमाणात ओळखू लागली आहेत. परंतु एखाद्या संचिकेतील अंतर्गत शोध बहुधा अक्षरशः जुळणीवरच चालतो. म्हणून शीर्षकात वा सारांशात मुख्य संज्ञा किमान एकदा मूळ रूपात यावी.

दुसरी गोष्ट लेखनभेदाची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यामुळे जुन्या साधनांत ‘गांव’ आणि नव्या लेखनात ‘गाव’ अशी रूपे आढळतात. निबंधात प्रमाण रूप वापरावे; जुन्या साधनाचे नाव देताना मात्र मूळ लेखन राखावे. संज्ञांचेही तसेच आहे. बीजशब्दांनाच कोणी ‘कळीचे शब्द’, तर कोणी ‘मुख्य शब्द’ म्हणतो. एकच संज्ञा सातत्याने वापरावी आणि प्रचलित पर्याय प्रारंभी एकदा नोंदवावा.

तिसरी गोष्ट टंकाची असून ती सर्वांत कमी लक्षात येते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही त्यानंतर दीर्घकाळ आपली नियतकालिके जुन्या सांकेतिक टंकांत जुळवली गेली. अशा संचिकेत डोळ्यांना ‘पानशेत’ दिसते; परंतु संगणकाच्या स्मृतीत तेथे रोमन अक्षरे व चिन्हे असतात. शोधयंत्राला त्यात ‘पानशेत’ सापडणे शक्यच नसते. कागद केवळ छायाचित्ररूपाने चढवला असेल, तर अक्षर-ओळख प्रणालीने मजकूर वाचल्याखेरीज तोही शोधाच्या कक्षेत येत नाही.

युनिकोडमध्येही सावधगिरी आवश्यक आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित करता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून, अथवा साधा ‘र’, हलंत चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न अक्षरमालिका वाटू शकतात. संपूर्ण निबंधात एकच पद्धत पाळली जावी, ही संपादकाचीही जबाबदारी होय.

अतिवापराचा धोका

शोधयंत्रांच्या प्रारंभीच्या काळात काही लेखक पृष्ठाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत तेच तेच शब्द शेकडो वेळा लिहीत. अशा क्लृप्त्यांमुळे शोधयंत्रांनी आपले निकष बदलले. पृष्ठाच्या अंतर्गत संकेतात दिलेली बीजशब्दांची यादी क्रमवारीसाठी विचारात घेतली जात नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. आज बीजशब्दांची अनैसर्गिक गर्दी हा गूगलच्या धोरणानुसार गैरप्रकार मानला जातो. बीजशब्द लेखाच्या अमुक टक्के असावेत, हा समजही निराधार आहे. ‘पानशेत धरणफुटी’ हे शब्द प्रत्येक वाक्यात आले, तर निबंधाची विश्वसनीयता वाढत नाही. उलट वाचक कंटाळतो आणि परीक्षकाचे मत प्रतिकूल होते.

काही सूचना

१) बीजशब्द निबंध पूर्ण झाल्यावर निवडावेत, निबंध बीजशब्दांसाठी लिहू नये.
२) पाच ते सात बीजशब्द पुरेसे आहेत. त्यांत विषय, स्थळ, काळ आणि अभ्यासपद्धती यांपैकी जे भेदक असेल ते यावे.
३) मुख्य संज्ञा शीर्षकात, सारांशाच्या पहिल्या दोन वाक्यांत आणि एखाद्या उपशीर्षकात स्वाभाविकपणे यावी.
४) मराठी सारांशासोबत इंग्रजी सारांश व बीजशब्दही द्यावेत, म्हणजे अन्यभाषी अभ्यासकालाही निबंधाचा सुगावा लागेल.
५) प्रकाशनानंतर संचिका उघडून त्यातील एक मराठी शब्द शोधून पाहावा. तो सापडला नाही, तर टंकाचा दोष संपादकांच्या निदर्शनास आणावा.

समारोप

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा गौरव ज्ञानव्यवहारात उतरायचा असेल, तर मराठीतून निर्माण झालेले ज्ञान मराठीतून शोधणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे. बीजशब्दांचा विवेकपूर्ण वापर हे त्या दिशेने टाकता येण्याजोगे एक लहान पाऊल आहे. त्यासाठी विशेष खर्च वा तांत्रिक कौशल्य लागत नाही. निबंध संपादकांकडे पाठविण्यापूर्वी, ‘माझ्या विद्यार्थ्याला या विषयाची माहिती हवी असेल, तर तो कोणते शब्द टंकित करील?’ हा प्रश्न प्रत्येक लेखकाने स्वतःला विचारला, तरी पुष्कळ काही साध्य होईल.