डाखाविना रवा : एलिझाबेथ ट्रेस्को यांची सुवर्णकला

जर्मनीतल्या फुटबॉल लीगचा मोसम मे महिन्यात संपतो आणि विजेता संघ चांदीची एक भली मोठी गोल थाळी उंचावून नाचतो. चाहते तिला गमतीनं ‘सॅलडचं भांडं’ म्हणतात. 1903 पासूनच्या विजेत्यांची नावं तिच्यावर कोरलेली आहेत आणि त्यांच्याभोवती टुर्मलिनचे खडे जडवलेले आहेत. जुना चषक महायुद्धाच्या धामधुमीत नाहीसा झाला, म्हणून 1949 मध्ये ही थाळी घडवण्यात आली. कोलोनच्या कलाविद्यालयात शिकवणाऱ्या सुवर्णकार एलिझाबेथ ट्रेस्को यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह ती तयार केली.

दागिने घडवणाऱ्यांच्या जगात मात्र ट्रेस्को यांचं नाव निघतं ते वेगळ्याच कामासाठी. डाख, म्हणजे सांधा जोडण्यासाठी वितळवलेला धातू, न लावता सोन्यावर सोन्याचा रवा, म्हणजे बारीक गोल कण, बसवण्याची हरवलेली विद्या ज्या मोजक्या लोकांनी पुन्हा हस्तगत केली, त्यांत त्या होत्या.

1898 मध्ये बोखुम या कोळशाच्या खाणींच्या गावात त्यांचा जन्म झाला. एसेन आणि श्वेबिश ग्म्युंड इथं शिक्षण घेतल्यावर त्या म्युनिकमधल्या कार्ल रोथम्युलर यांच्या हाताखाली काम शिकल्या आणि 1919 मध्ये, ऐन विशीत, त्यांनी बोखुममध्ये स्वतःची कार्यशाळा थाटली. चार वर्षांनी ती एसेनच्या मार्गारेथनह्योहे वसाहतीत हलली. पोलादसम्राट क्रुप घराण्यातल्या मार्गारेथ क्रुप यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत तेव्हा कलावंतांची वस्ती वाढत होती. तिथं असतानाच 1924 मध्ये ट्रेस्को उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. जर्मन कारागिरीत आधी उमेदवारी, मग कारागिराची परीक्षा आणि शेवटी उस्तादाची, अशी चढण असते.

त्या काळी फोर्झहाइमसारख्या शहरात दागिन्यांचे कारखाने जोरात होते. साचा एकाचा, ठोकणारं यंत्र, जुळणी दुसऱ्याची, झिलई तिसऱ्याची. स्टुडिओत काम करणाऱ्या सुवर्णकाराची रीत याच्या उलट. नक्षी ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याच्याच हातून सोनं वितळणार, तार ओढली जाणार आणि कानसही फिरणार. त्यामुळे एखादी जुनी पद्धत कळत नसली, तर ती स्वतःच्याच शेगडीवर शोधावी लागते.

रव्याचं कोडं असंच होतं. इटलीतल्या एट्रस्कन लोकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात सोन्याच्या पत्र्यावर जी रवेदार नक्षी केली, तिच्यातले काही कण मिलिमीटरच्या दोन दशांशांहूनही बारीक आहेत. 1836 मध्ये चेर्वेतेरी इथली एक श्रीमंत कबर उघडली तेव्हा असं काम पाहून जाणकार थक्क झाले. रोमचे प्रसिद्ध जवाहिरे फोर्तुनातो पिओ कास्तेलानी या नक्षीच्या मागेच लागले. जुनी हातोटी टिकवून असलेले कारागीर त्यांनी सांतांजेलो इन वादो या गावातून रोमला आणले. दागिने सुंदर झाले, पण एट्रस्कनांची सफाई काही आली नाही.

अडत होतं ते डाखापाशी. रवा तयार करणं फारसं अवघड नाही. सोन्याचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत पसरून तापवले की वितळताना ते आपोआप गोल होतात. ते पत्र्यावर बसवायला नेहमीचा डाख वापरला, तर तो पातळ होऊन दोन कणांमधल्या फटी भरून काढतो आणि वेगवेगळे उठून दिसायला हवेत ते कण लगद्यात बुडतात.

यावरचा उपाय तांब्यात सापडला. तांब्याचा क्षार आणि सरस यांच्या मिश्रणानं रवे पत्र्यावर चिकटवायचे आणि तापवायचं. सरस जळून त्याचा कोळसा होतो, तो कोळसा क्षारातलं तांबं मोकळं करतो. शुद्ध सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं 1085 ला. पण दोन्ही एकमेकांत मिसळली की 900 च्या आसपासच पाझरू लागतात. म्हणून जिथं कण पत्र्याला टेकतो, तेवढ्या ठिपक्यापुरता सांधा होतो. कण गोलच राहतो. मात्र उष्णता जराशी जास्त झाली की सगळी नक्षी सपाट. तेव्हा नजर सोन्याच्या रंगावर ठेवून ज्योत नेमक्या क्षणी बाजूला घ्यावी लागते.

लंडनमध्ये एच. ए. पी. लिटलडेल यांनी 1930 च्या दशकात या पद्धतीचं पेटंट घेतलं. ट्रेस्को मात्र साधारण त्याच सुमारास जर्मनीत, स्वतःच्या प्रयोगांतून, रवाकामापर्यंत पोहोचल्या होत्या.

1948 पासून 1964 पर्यंत त्यांनी कोलोनमध्ये अध्यापन केलं. 1961 ते 1973 या काळात कोलोनच्या कॅथेड्रलमधल्या, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सुवर्णपेटीची दुरुस्ती झाली. त्या चमूतही त्या होत्या. बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्या पेटीवर हजाराहून अधिक रत्नं आहेत, त्यांत प्राचीन कोरीव खडेही आहेत. जुन्या दागिन्यांचा ट्रेस्को यांनी केलेला संग्रह आज कोलोनच्याच उपयोजित कलांच्या संग्रहालयात आहे.